केसपेपरवर "मजुरी" नको, "कोंबडी कापणं" लिहा

गेल्या महिन्यात आमच्या आत्तीनं घरची गावठी कोंबडी कापली. कागलजवळच्या गावात असतीय ती. कोंबडी वर्षाच्या वरची, चांगली अंडी देणारी, पण पंधरा दिवसात वाळून गेली, तुरा पांढरा पडला, छातीचं हाड सुरीच्या पात्यागत वर आलं, म्हणून आत्ती म्हटली मरायच्या आधी कापूया. पोट फाडलं तर कलेजीनं सगळं पोट भरलेलं आणि तिच्यावर हरभऱ्याएवढ्या पांढरट गाठी. आत्तीच्या बोटाला आदल्या दिवशी विळी लागलेली, चिंधी बांधलेली, तशाच हातानं ती आतलं काढत होती. मला लगेच फोन केला आणि पहिलंच विचारलं, "अरं, ह्या गाठी बघून भ्या वाटायलंय, मला पण हुईल काय रं हे?"

जनावरांच्या डॉक्टरना फोटो पाठवला. ते म्हटले खाऊ नका, खोल पुरा, हात साबणानं धुवा. नुसतं बघून पक्कं सांगता येत नाही, मरेक असू शकतंय किंवा ल्युकोसिस, दोन्ही कोंबड्यांचे व्हायरसचे रोग. दोन्हीत गाठी होतात पण मरेकचा व्हायरस वेगळ्या जातीचा, त्याला लस आहे, ल्युकोसिसचा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली कॉपी पेशीच्या डीएनएत घुसवणारा, त्याला लस नाही. कोंबडीचं वय आणि पाय लुळे पडलेले नव्हते हे बघता त्यांचा कल ल्युकोसिसकडं होता. तेव्हापासून रात्री जागून ह्यावर मिळेल ते वाचतोय आणि जेवढं वाचलं त्यातनं एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहितोय.

आधी कोंबडीचं सांगतो. हा ल्युकोसिस मुख्यतः आईकडनं येतो. बाधित कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात व्हायरस उतरतो, त्यातनं जन्मणारं पिल्लू बाधितच बाहेर येतंय, आणि वाईट म्हणजे त्या पिल्लाचं शरीर व्हायरसला आपलंच समजतं, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयारच करत नाही. म्हणजे ते पिल्लू वरनं एकदम ठणठणीत, आणि जन्मभर विष्ठेतनं, लाळेतनं व्हायरस सोडत राहतंय. हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवायच्या ठिकाणी, एका ट्रेमध्ये शेकडो पिल्लं एकमेकांना चिकटून असतात, पहिल्या एक-दोन दिवसात तिथंच बाकीच्यांना लागण होते. एकाच सुईनं भराभर लस टोचत गेलं तर सुईवरनं पण जातो. अंगाबाहेर हा व्हायरस फार टिकत नाही, काही तासातच मरतो, साबणानं आणि उष्णतेनं तर लगेच, म्हणून जवळचा संपर्क हाच त्याचा रस्ता.

गाठी मात्र साधारण चार महिन्यांनंतर दिसतात. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीची कोंबडी, चाळीसेक दिवसात लिफ्टिंगला म्हणजे विकायला जाते, त्यामुळं तिच्यात व्हायरस असला तरी गाठी सहसा दिसायच्याच नाहीत. दिसतात त्या अंड्याच्या कोंबड्यांत, पिल्लांसाठी अंडी घेतात त्या ब्रीडरमध्ये आणि आत्तीसारख्यांच्या गावठीत. बाधित झालेल्या सगळ्यांनाच गाठी होतात असंही नाही, थोड्यांनाच होतात. व्हायरस आपली कॉपी कोंबडीच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, आणि ती नेमकी पेशी वाढवणाऱ्या मिक (myc) नावाच्या जीनशेजारी जाऊन बसली तर तो जीन चालूच राहतो, पेशी वाढतच जाते.

आणि हे आजकालचं ज्ञान नाही बरं का. 1908 ला कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बँग ह्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की कोंबडीचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, गाळलेल्या, पेशी नसलेल्या द्रवातनं दुसऱ्या कोंबडीला देता येतो. 1911 ला न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी एका कोंबडीच्या छातीवरच्या गाठीबद्दल तेच दाखवलं. लोकांनी फार मनावर घेतलं नाही, राउसना नोबेल मिळालं 1966 ला, वयाच्या 87 व्या वर्षी! कॅन्सरबद्दल आज जे कळतंय त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पायाच ह्या कोंबडीच्या गाठीत आहे, आणि कोंबडी रोज ज्याच्या हातात असते तो माणूस त्या सगळ्या गोष्टीत कुठंच नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आत्तीचा प्रश्न. कोंबडीच्या ह्या व्हायरसनं माणसाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, हे आधी ठळक वाचा. शिजवलेल्या चिकनमधनं तर प्रश्नच नाही. पिवळ्या तापाच्या जुन्या लसी कोंबडीच्या अंड्यात बनवायचे, त्यात हा व्हायरस होता हे नंतर कळलं, ती लस घेतलेल्या अमेरिकन सैनिकांचा हिशोब लावला तर कॅन्सर वाढलेला दिसला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण 2020 ला चिकननं कोरोना होतो ही अफवा उठली आणि आपल्या भागातल्या पोल्ट्री शेडवाल्यांची काय वाट लागली ते मी जवळनं बघितलंय, उभी बॅच कुणी घेईना. ह्या पोस्टचा तसला फॉरवर्ड कृपया करू नका.

पण दुसरी बाजू पण आहे. कोंबड्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या रक्तात ह्या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्यात. म्हणजे व्हायरसशी गाठ पडलेली आहे, अंगानं त्याची नोंद घेतलेली आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या मांस कामगारांच्या युनियनच्या नोंदी वापरून एरिक जॉन्सन ह्या संशोधकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, कोंबडी कापणाऱ्या कामगारांत काही कॅन्सरनं होणारे मृत्यू जास्त दिसले. त्याचं कारण व्हायरसच असं त्यावरनं म्हणता येत नाही, धूळ असते, धूर असतो, सिगारेट असते. पण प्रश्न विचारता तरी आला, कारण कोण काय काम करायचा ते कागदावर लिहिलेलं होतं.

इथं मला मामा आठवतात. बावीस वर्षं चिकन सेंटरवर काम केलं त्यांनी, पहाटे पाचला गाडी उतरवायची, दिवसाला शंभर-दीडशे कोंबड्या सोलायच्या, रविवारी तर मोजदादच नाही. हाताला कायम कापलेलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावायचं, की झालं. शेवटी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. ते बिडी ओढायचे, त्यामुळं कोंबडीनं झालं असं मी कधीच म्हणणार नाही. पण हॉस्पिटलच्या केसपेपरवर व्यवसाय ह्या रकान्यात काय लिहिलं होतं माहिताय? "मजुरी". मीच शेजारी उभा होतो, खिडकीवरच्या माणसानं विचारलं काय करतात, मामी म्हटली कामाला जातात, त्यानं मजुरी लिहिलं आणि पुढचा नंबर घेतला. मी पण काही बोललो नाही, तेव्हा सुचलंच नाही. बावीस वर्षं एका शब्दात गेली. उद्या कुणी अभ्यास करायचं ठरवलं तरी मामा त्याला कुठल्या कागदात सापडणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या शहरात गल्लोगल्ली चिकन सेंटर, तालुक्यातालुक्यात शेड, त्यात पिल्लं उतरवणाऱ्या, तूस पसरणाऱ्या, लस टोचणाऱ्या बायका, कापणारी विशीतली पोरं. ह्यांचं काम कागदावर नीट लिहिलं जावं, किती वर्षं केलं ते पण. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, असो नाहीतर खासगीत, रकाना आधीच छापलेला आहे, फक्त एक प्रश्न जास्त विचारायचाय. आणि दुकानमालकांनो, जाळीचा ग्लोव्ह, ॲप्रन आणि साबण ह्याचा खर्च एका रविवारच्या गल्ल्यात निघतोय, पोराचा हात कापला असेल तर त्या दिवशी त्याला वजनकाट्यावर बसवा, सुरीवर नको.

आत्तीला सांगितलं, घाबरू नकोस, पण पुन्हा जखमेच्या हातानं कापू नकोस, आणि त्या कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवू नकोस. ती म्हटली, "बसवल्यात की रं, नऊ." तर ती नऊ पिल्लं आता वेगळ्या खुराड्यात आहेत, बाकीच्यांत मिसळू दिलेली नाहीत.

तुमच्यापैकी कुणी केसपेपरच्या खिडकीवर किंवा रेकॉर्ड रूममध्ये कामाला असाल तर मेसेज करा, हा रकाना भरायची पद्धत बदलायला अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा ते सांगा. मी येतो, गुरुवार सोडून कधीपण.