हायब्रिड गाडीला हात लावायचा नाही, हे मामांना कोणी सांगितलं?

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. मामा पारोळ्याजवळ राहतात, शेत अगदी हायवेला लागून. दिवाळीच्या आधी नवीन गाडी घ्यायचं त्यांचं ठरलं होतं, दोन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाड्या, बघूनही आले होते. फोनवर एवढंच म्हणाले, "भाचा, आते गाडीनं काय करानं?" मला काही कळेना. मग त्यांनी मेसेज पाठवला आणि कळलं. तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. गावच्या ग्रुपवर तर खुद्द मामांनीच पुढे पाठवला होता, खाली 'सर्वांनी काळजी घ्या' असं लिहून.

'हायब्रिड कार घेण्याआधी ही ७ सत्यं वाचाच' असं त्याचं नाव. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं. एक, हायब्रिड रोज रात्री चार्ज करावी लागते, लोडशेडिंग झालं की गाडी दारात उभी. दोन, बॅटरी तीन वर्षांत संपते आणि नवीन पाच लाखांना पडते. तीन, खान्देशच्या उन्हात बॅटरीचा स्फोट होतो. चार, पुराच्या पाण्यात गाडी गेली की पाण्यात करंट उतरतो. पाच, हायब्रिड गाडीचा अपघात झाला तर तिला हात लावू नका, सगळ्या पत्र्यात करंट असतो, मदतीला जाणारा आधी मरतो. सहा, हायब्रिड हा नुसता स्टिकर आहे, मायलेज साध्या गाडीएवढंच. सात, सरकारने टॅक्स माफ केलाय, पण डीलर तो खिशात घालतात.

क्रमाने घेत बसणार नाही. पाचवा मुद्दा आधी, कारण बाकीच्या सहांनी फार तर कोणाचा तरी गाडीचा निर्णय चुकेल. पाचव्याने माणूस मरेल.

मामांच्या शेतासमोरचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना सहा नंबर. सुरतेकडचे ट्रक, जळगावकडच्या बसेस, लग्नसराईत रात्री-बेरात्री परतणाऱ्या गाड्या. तिथे अपघात झाला की पोलीस आणि १०८ ची गाडी येईपर्यंत धावतात ती आजूबाजूच्या शेतातली माणसं. मामा त्यांतले पहिले. मी लहान असताना त्यांना रक्ताने भरलेल्या बनियनवर घरी येताना पाहिलंय. दरवाजा पहारीने उचकटून माणसं बाहेर काढलेला हा माणूस आज गावाला सांगतोय की गाडीवर हायब्रिड लिहिलेलं दिसलं तर लांब उभे राहा. मला राग आला तो याचा. मामांचा नाही, ज्याने कोणी बसल्या जागी हे वाक्य टाइप केलं त्याचा.

मामांना ते खरं का वाटलं, हे मला समजतं. शेतात मोटारीच्या स्टार्टरची पेटी, ओला पत्रा, उघडी वायर, यांचा करंट बसून माणूस गेल्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक गावात आहे. म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी, म्हणजे पत्र्याला करंट, असं डोकं आपोआप चालतं. पण इथेच फरक आहे. महावितरणच्या लाइनचं जमिनीशी नातं असतं. फेज पत्र्याला टेकला, तुम्ही पत्र्याला हात लावला, पाय ओल्या मातीत, की करंटला तुमच्या अंगातून जमिनीकडे वाट मिळते. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचं जमिनीशी काही नातं नसतं आणि गाडीच्या पत्र्याशीही नसतं. आपल्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची एक बाजू बॉडीला जोडलेली असते. मोठ्या बॅटरीच्या मात्र दोन्ही वायरी, प्लस आणि मायनस, पत्र्यापासून पूर्ण वेगळ्या नेलेल्या असतात, त्याही जाड नारिंगी आवरणातून. एखादी वायर कुठे पत्र्याला टेकली तर गाडी स्वतः ते ओळखते आणि इशारा देते. आणि एअरबॅग उघडण्याइतकी धडक बसली की बॅटरीच्या तोंडाशी असलेले रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, सुटतात, वीज बॅटरीतच थांबते.

हे माझं मत नाही. टोयोटा आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी अग्निशमन दलाला आणि बचाव पथकांना वेगळी मार्गदर्शिका देते. त्यांची प्रियस ही हायब्रिड १९९७ साली जपानात आली, म्हणजे हे सगळं कालपरवाचं नाही. त्या मार्गदर्शिकेत गाडीला हात लावू नका असं कुठेही नाही. उलट गाडी कशी स्थिर करायची, कशी बंद करायची, आतल्या माणसापर्यंत कसं पोचायचं, हेच सांगितलंय. मामा, तुमच्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच:

गाडीचा आवाज येत नाही म्हणजे ती बंद आहे असं धरू नका. हायब्रिड सिग्नलला उभी असते तशी गप्प असू शकते आणि पेडल दाबलं गेलं तर पुढे सरकू शकते. आधी चाकाखाली दगड लावा. हँडब्रेक ओढा, गिअर पी वर, म्हणजे पार्किंगवर, टाका. डॅशबोर्डवर 'रेडी' असा दिवा लागलेला दिसला तर बटण दाबून गाडी बंद करा, चावी लांब नेऊन ठेवा. बंद केल्यावरही काही भागांत दहा मिनिटांपर्यंत वीज राहू शकते, म्हणून नारिंगी वायर, तुटलेली असो वा धड, तिला हात लावायचा नाही आणि ती कापायचीही नाही. धूर किंवा जाळ दिसला तर आतला माणूस काढून लांब व्हायचं, जसं कुठल्याही पेट्रोल गाडीचं करता तसंच. हात लावायचा नाही तो त्या वायरीला. दरवाज्याला, सीटबेल्टला, माणसाला लावायचा.

आणि पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल, ही जुनी भीतीही या मेसेजच्या मागे उभी आहेच. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. गावच्या ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

आता बाकीचं.

रोज रात्री चार्जिंग. जी हायब्रिड मामा बघून आले तिला प्लगच नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिन यांवरच तिची बॅटरी भरते. लोडशेडिंगचा तिच्याशी संबंध शून्य. हा मुद्दा लिहिणाऱ्याला इलेक्ट्रिक आणि हायब्रिड यांतला फरकच माहीत नाही, मग पुढचे सहा मुद्दे तरी कशाच्या जोरावर लिहिले?

पाच लाखांची बॅटरी हा त्याच गोंधळाचा पुढचा भाग. टाटाची इलेक्ट्रिक गाडी नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची (स्ट्राँग म्हणजे काय, ते पुढे सांगतो) आहे ०.७६. चाळीसपट फरक आहे, आणि किंमत मात्र एकाची उचलून दुसऱ्याला चिकटवली. तीन वर्षांत संपते म्हणाल, तर मारुती आणि टोयोटा दोघांचीही हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०११ मध्ये २००२ सालची, दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास पळालेली प्रियस तपासली. बॅटरी मूळचीच. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनीच नवी प्रियस तपासली होती, तिच्याशी ताडून पाहिलं तर मायलेजमध्ये नाव घेण्यासारखा फरक नव्हता.

तरी इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, हे खरं आहे, आणि मे महिन्यातलं जळगाव-भुसावळ म्हणजे ४५ अंश. स्फोट वगैरे थापा आहेत, पण काळजी घ्यायलाच हवी. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते, त्यासाठी सीटजवळ किंवा डिकीत जाळी असते. ती जाळी झाकायची नाही. मामा, तुम्ही गाडीत कापसाची पोती टाकता हे मला माहीत आहे. तो तंतू त्या जाळीत, तिच्या फिल्टरमध्ये जाऊन बसला तर पंखा गुदमरतो. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, की जाळी कुठे आहे आणि सर्व्हिसला ती साफ करतात का. आणि गाडी उन्हात न ठेवता लिंबाखाली लावा.

पुराचं पाणी. बोरीला पूर असताना पुलावर कुठलीच गाडी घालायची नाही, बैलगाडीसुद्धा नाही. तिथे जीव जातो तो पाण्याच्या ओढीने आणि इंजिनात पाणी शिरून गाडी मध्येच अडकल्याने. करंटचा तिथे विषय नाही.

सहाव्या मुद्द्यावर मात्र मला थोडं थांबावं लागतंय, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला मला आवडत नाही. हायब्रिड लिहिलेल्या दोन वेगळ्याच जातीच्या गाड्या बाजारात आहेत. एक माइल्ड, जिला मारुती स्मार्ट हायब्रिड म्हणते. त्यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढू शकत नाही. दुसरी स्ट्राँग, जी काही अंतर इंजिन पूर्ण बंद ठेवून बॅटरीवर जाते. ग्रँड विटारात दोन्ही मिळतात. कंपनीचा जाहीर आकडा माइल्डचा २१ च्या आसपास, स्ट्राँगचा २७.९७. मामांना एका शोरूममधल्या पोराने माइल्ड गाडी दाखवून २८ चा आकडा सांगितला, हे मला फोनवरच कळलं. तेव्हा स्टिकरचा आरोप अगदीच हवेतला नाही. विचारायचं एकच: इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का? मला चालवून दाखवा.

पण स्ट्राँगचा २८ हा आकडासुद्धा प्रयोगशाळेत रोलरवरचा आहे. हायब्रिडची कमाई होते ती थांबत-चालत, ब्रेक मारत जाण्यात. धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारात ती जिंकते. पारोळ्याहून सुरतेला उधन्याच्या मावशीकडे सरळ शंभरच्या वेगाने जाल तर फरक आटतो. म्हणून हिशोब स्वतःच्या चाकांवर करा. धरून चालू की माइल्ड तुम्हाला लिटरला १५ देईल, स्ट्राँग २१ देईल, पेट्रोल १०५ रुपये आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरलात तर एकीला ८०० लिटर लागेल, दुसरीला ५७१. वाचले २४ हजार रुपये. अडीच लाख वसूल व्हायला दहा वर्षांच्या वर. तेच वर्षाला ३० हजार किलोमीटर असेल तर साठ हजार वाचतात आणि चार-सव्वाचार वर्षांत फिटंफाट. मामा, तुमचं फिरणं १२ हजारांच्या आतलं आहे. पैशासाठी घेणार असाल तर स्ट्राँग हायब्रिड तुमच्यासाठी नाही, हे मी तोंडावर सांगतो. शांत चालते, ऑटोमॅटिक आहे, गुडघ्याला क्लचचा त्रास नाही, म्हणून घेणार असाल तर ती गोष्ट वेगळी. मामींना विचारा, त्यांना तिच्यात बसून काय वाटलं ते.

डिकीचंही बघा. होंडा सिटीच्या साध्या गाडीची डिकी ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६, कारण बॅटरी तिथे बसते. ग्रँड विटाराच्या स्ट्राँगमध्येही तीच अडचण आहे. बाहेरून सीएनजी किट टाकायचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका, वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल. आणि हायब्रिडचं काम जाणणारा मेकॅनिक तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला आहे की गाडी नाशिकला पाठवतात, हे शोरूममध्ये नाही, सर्व्हिसच्या काउंटरवर विचारा.

राहिला टॅक्स. ५ टक्के जीएसटी आहे तो इलेक्ट्रिक गाड्यांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल हायब्रिड १८ टक्क्यांत येते, तिच्याहून मोठी ४० टक्क्यांत. मामांनी बघितलेल्या दोन्ही मोठ्या आहेत. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, तीच बातमी इथे कोणीतरी चिकटवली. तो निर्णय लखनौचा, एमएच १९ च्या पाटीला लागू होत नाही. डीलरने खिशात घालायला इथे माफीच नाही.

हे सगळं मी मामांना काल अर्धा तास बोलून सांगितलं. गाडीचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही, रविवारी मामींना घेऊन पुन्हा चालवून बघणार आहेत. पण गावच्या ग्रुपवरचा तो मेसेज त्यांनी काढून टाकला आणि त्याच्या जागी स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग टाकलं. चाकाखाली दगड, पी गिअर, बटण बंद, नारिंगी वायर सोडून सगळ्याला हात लावा. रात्री अकराला एरंडोलच्या एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना फोन करून विचारलं, दगड पुढच्या चाकाला लावायचा की मागच्या. मामांनी सांगितलं, दोन्हींना.