'रिकाम्या दुपारी ठीक आहे' म्हणणाऱ्या वाचकास

मागच्या आठवड्यातल्या लेखात मी लिहिलं होतं की जेवण, घर आणि बहिणी-बहिणी यांच्याभोवती रचलेल्या हल्लीच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या मला मनापासून आवडतात, आणि हे सांगायला मी आता लाजत नाही. त्यावर एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, नुसतं 'एक स्पष्टवक्ता वाचक'. शब्द फिरवल्याचा आरोप नको म्हणून ती आधी जशीच्या तशी देते:

"लेख वाचला. इतक्या सुजाण बाईने या पुस्तकांवर एवढे शब्द खर्च करावेत याचं आश्चर्य वाटलं. शेवट पहिल्या पानावर कळतो. बहिणींचं वर्षानुवर्षांचं भांडण एका ताटावर मिटतं. बाईला पुन्हा चुलीपुढे बसवायचं आणि त्यालाच प्रेम म्हणायचं, हा जुनाच माल नव्या वेष्टनात आहे. रिकाम्या दुपारी ठीक आहे. आणि हो, आगळ म्हणजे सरबताचा अर्क नव्हे. कोकणात राहून एवढं तरी माहीत हवं."

सुरुवात शेवटापासून करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून टिकवलेला रस, तो सोलकढीला लागतो. सरबताला लागतो तो रातांब्याच्या वाट्यांमध्ये साखर भरून सुटलेला पाक. मी घाईत दोघांना एकाच वाक्यात कोंबलं. देवगड तालुक्यात जन्म गेलेल्या बाईने ही चूक करावी हे लाजिरवाणं आहे आणि मी लाजले आहे. दुरुस्ती केली. आता पुढे.

'इतक्या सुजाण बाईने' हे कौतुक आहे असं समजून मी आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा असेल. माझ्या लग्नात सासरच्या एक आजी म्हणाल्या होत्या, "एवढी शिकलेली असून भाकरी गोल करते हो!" तेव्हाही मला हसावं की पाटा आपटावा ते कळलं नव्हतं. आणि सुजाणपणाचा दाखलाच हवा असेल तर ऐका. रत्नागिरीला शिकत होते तेव्हा तिथल्या नगर वाचनालयात, जे १८२८ सालापासून उभं आहे, कपाटाला टेकून उभ्या उभ्या मी जे वाचलंय ते पुष्कळ गंभीर आहे. त्यातलं बरंचसं आवडलं, काही समजलं, आणि काही समजल्यासारखं दाखवलं. तुमचंही तसंच झालं असेल, फक्त तुम्ही कबूल करणार नाही.

पण माझ्या डोक्यात गेले ते तुमचे चार शब्द. 'रिकाम्या दुपारी ठीक आहे.'

कुठली दुपार हो? मी हे मे महिन्यात लिहितेय. रातांबे उतरवून झालेत आणि मृगाच्या आत सगळं आवरायचं आहे, कारण एक सर आली की केलेलं मातीत. रातांबे फोडायचे, बिया आणि गर बाजूला काढायचा, साली उन्हात टाकायच्या. गराला मीठ घालून रस सुटला की त्यात साली बुडवायच्या, पुन्हा उन्हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच-सहा पुटं बसल्याशिवाय आमसुलाला तो काळा मऊपणा येत नाही, आणि तोवर नखांतला जांभळा रंग लग्नाकार्यातसुद्धा जात नाही. शेजारच्या ताटांत आंब्याची साठं, एक थर सुकला की वर दुसरा. त्यापलीकडे जुन्या साडीवर फणसाचे पापड. हे सगळं राखायला एक माणूस लागतं, कारण वरून कावळे आणि आंब्यावरून वानर. ते माणूस मी. हातात काठी, मांडीवर मोबाईल, मोबाईलमध्ये कादंबरी. बोटं चिकट असतात म्हणून मधल्या बोटाच्या पेराने पान सरकवते. तुमच्या 'रिकाम्या दुपारी' मी अशा वाचते.

तुम्ही बाई आहात की बुवा, मला माहीत नाही. बुवा असाल तर घरी विचारून बघा, मागच्या वर्षीचे पापड कुठल्या दुपारी झाले. बाई असाल तर मग मला जास्त वाईट वाटलं.

आमच्या आईच्या दुपारीसुद्धा अशाच. तिची वाचायची जागा म्हणजे मागच्या पडवीतली पायरी, आणि वाचायचं पुस्तक म्हणजे 'रुचिरा'. हसू नका. आमच्या घरी कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक आलं तेव्हा आईला स्वयंपाक काही शिकायचा नव्हता, तो तिला येतच होता. ती ते वाचायची. कधीही न केलेले, आमच्या गावात ज्यांचं सामानही मिळत नव्हतं असे पदार्थ ती ओळीने वाचत बसायची, आणि मध्येच मान वर करून म्हणायची, "हे तुझ्या मावशीला आवडलं असतं." मावशी तेव्हा मुंबईला, पत्र सहा महिन्यांतून एक. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. आता या कादंबऱ्यांत कुणी तरी बहिणीसाठी पोळी बाजूला काढून ठेवते आणि का ठेवली ते सांगत नाही, तेव्हा मी त्या पायरीवर पोचलेली असते. तुम्हाला हे स्मरणरंजन वाटेल. वाटू दे.

'शेवट पहिल्या पानावर कळतो' याचं उत्तर दोन वाक्यांत होण्यासारखं आहे. या प्रकाराचा करारच तो आहे: गोष्ट प्रेमाची हवी आणि शेवट आशेचा हवा, अमेरिकेतल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेने व्याख्येतच तसं लिहून ठेवलंय. दशावतारात शंखासुर मरणार हे आमच्या गावच्या पाच वर्षांच्या पोराला माहीत असतं. म्हणून जत्रेत कुणी जागरण चुकवतं का? झालंच की दोन वाक्यांच्या वर. असो.

चुलीपुढे बसवण्याबद्दल. मी लेखात ज्या कादंबरीवर सगळ्यात जास्त लिहिलं होतं, सोनाली देव यांच्या २०२० सालच्या 'रेसिपी फॉर पर्सुएजन'वर, ती तुम्ही वाचलेली नाही हे तुमच्या प्रतिक्रियेतूनच दिसतं. जेन ऑस्टिन गेल्यावर छापून आलेल्या 'पर्सुएजन'चा धागा घेऊन ती रचलीय. नायिका अश्ना राजे, कॅलिफोर्नियात वडिलांच्या मागे राहिलेलं रेस्टॉरंट चालवते. म्हणजे चालवते कसलं, ते बुडायला आलंय. पैसे हवेत म्हणून टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत जाते, आणि तिथे जोडीदार म्हणून समोर येतो तो पूर्वी सुटलेला मुलगा. वडिलांच्या कृतीबाहेरचं काही करायला घेतलं की या बाईचा जीव घाबरा होतो, श्वास लागतो. आई भारतात बायकांच्या हक्कांसाठी झटणारी, आणि तिच्याशीच हिचं पटत नाही. मागे उभ्या आहेत त्या चुलत बहिणी, सख्ख्यांहून सख्ख्या. आता सांगा, यात चुलीपुढे कुणी कुणाला बसवलं? तिला चुलीचीच भीती वाटते. सगळं पुस्तक त्या भीतीचं आहे.

तरी तुमचं म्हणणं काही कादंबऱ्यांना लागू आहे, नाही म्हणत नाही. काहींत नायिका पहाटे उठते, केस न विस्कटता तीन प्रकारचे केक करते, आणि दुकानात गिऱ्हाईक आपोआप येतं. मी अकरा वर्षं घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते, कुणकेश्वरला येणारे पर्यटक, कधी लग्नघरं. मला ठाऊक आहे की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तेव्हाही पुण्याचा माणूस सुरमईच मागतो. त्याला कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी वाढून खूश करायचं हे कौशल्य कुठल्या पुस्तकात नाही. सिलिंडर भर पंगतीत संपतो हेही नाही. त्या पुस्तकांना मी लेखात हातही लावला नव्हता. तुम्ही सगळ्यांना एका टोपलीत घातलंत. डागी आंबा निघाला म्हणून पेटी समुद्रात टाकायची पद्धत आमच्याकडे नाही.

राहिलं ताट. 'बहिणींचं वर्षानुवर्षांचं भांडण एका ताटावर मिटतं.' इथे तुम्ही नकळत माझ्या घरात शिरलात, म्हणून घरचंच सांगते. सांगणार नव्हते.

बाबा गेल्यावर भावाने हक्कसोड पत्र आणलं. कोकणात हे कसं होतं ते तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर कुठल्याही कलमांच्या बागेचा सातबारा काढा आणि त्यावरून मुलींची नावं कशी गळत गेलीत ते बघा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. पण कायदा दिल्लीत, आणि सही माजघरात, सगळ्यांनी चहा घेतल्यावर. मी सही केली. माहेर तुटायला नको, गौरीला ओवसायला कुठल्या तोंडाने जाणार, असं काय काय मनात होतं. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. तिने केली नाही. तिला राग भावाचा आला नाही तेवढा माझा आला. "तू सही केलीस म्हणून मी हावरी ठरले," एवढं एक वाक्य बोलली आणि फोन ठेवला. सहा वर्षं झाली याला.

त्या मे महिन्यात मी सवयीने तिच्यासाठी आमसुलांची बरणी भरली. भरल्यावर आठवलं की आपण बोलत नाही. तरी परत जाणाऱ्या एका चाकरमान्याच्या हाती दिली. गणपतीत बरणी परत आली, स्वच्छ धुतलेली, पुसलेली, रिकामी. आई म्हणायची, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. हे तिलाही माहीत होतं. म्हणून ती रिकामी बरणी म्हणजे काय होतं ते तुम्हाला नाही कळणार, मला कळलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा भरली, पुन्हा रिकामी आली. तिसऱ्या वर्षी तळाला साखर होती, बोटभर. चौथ्या वर्षी चकलीची भाजणी, आईच्या मापाने केलेली, धणे जरा जास्तच. आणि आठ दिवसांनी फोन: "खवट नाय ना झाली?"

आता तुम्ही म्हणाल, बघा, हिचंही भांडण खाण्यावर मिटलं. तर नाही मिटलं. भाऊ अजून सही मागतो, ती अजून देत नाही, आणि तिने देऊ नये असं आता मलाही वाटतं. माझी सही मात्र परत येत नाही. तो विषय निघाला की आजही आम्ही दोघी गप्प होतो आणि कुणी तरी एक विचारते, यंदा पापड किती केलेस. चार वर्षं एक बरणी गेली-आली आणि तिच्यामुळे बोलायला तोंड राहिलं, इतकंच झालं. मला आवडणाऱ्या कादंबऱ्यांत इतकंच असतं. तुम्ही शेवटचं पान वाचून म्हणता ताटावर मिटलं. मधली दोनशे पानं रिकाम्या बरणीची असतात हो, ती वाचायला जरा दुपार लागते.

'जुना माल, नवं वेष्टन' याला उत्तर देत नाही. माल जुना आहेच. बहिणी जुन्या, भूक जुनी. लोणच्याला कुणी जुनं म्हणून नाव ठेवल्याचं ऐकलं नाही.

प्रतिक्रिया जरूर देत जा, पण पुढच्या वेळी पुस्तक वाचून आणि नाव घालून. मूळ लेखात आगळाचं वाक्य बदललं आहे. दुसरं काहीही बदललेलं नाही, बदलणारही नाही.

ता. क. हे टाकण्याआधी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, कारण बरणीचं लिहायचं तर तिला विचारायला हवं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरणीचा असांदे. पण गो, आगळाचा तेचा बरोबरच आसा." मी म्हटलं, ते मी मान्य केलंय ना वरच. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चुलीचापण थोडा थोडा." यंदाची तिची बरणी भरून ठेवली आहे. कधी पाठवायची ते बघते.