रोसेलिनीची खरी कमाई ‘रोम, ओपन सिटी’नंतरची आहे

इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं. नववास्तववादाचा जनक. खरे रस्ते, खरी माणसं; स्टुडिओ नाही, व्यावसायिक नट नाहीत. पुरावा म्हणून १९४५ चा ‘रोम, ओपन सिटी’, जर्मनांच्या ताब्यातल्या रोममधल्या प्रतिकाराची गोष्ट. चित्रपट-रसास्वादाच्या टिपणांत हे इतक्या वेळा लिहिलं गेलंय की कुणी तपासून बघत नाही. हे उत्तर निम्मं चूक आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या एका चित्रपटाखाली रोसेलिनीची पुढची तीस वर्षं गाडली गेली आहेत.

आधी चूक दुरुस्त करू. चित्रीकरण जानेवारी १९४५ मध्ये सुरू झालं. रोम मुक्त होऊन सात महिने झाले होते आणि चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती. म्हणून विया देल्यी आविन्योनेसी या रस्त्यावरचा एक हॉल घेतला. तिथे पूर्वी कुत्र्यांच्या शर्यतींवर पैजा लागत. गेस्टापोची म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची कचेरी, छळाची खोली, पाद्र्याची खोली हे सगळं तिथे उभारलेले सेट आहेत. म्हणजे चित्रपटातला सगळ्यात अंगावर येणारा भाग रस्त्यावरचा नाहीच. नायिका पीना ट्रकमागे धावते आणि गोळी लागून पडते, तो प्रसंग मात्र खऱ्या रस्त्यावरचा, विया मोन्तेकुक्कोलीवरचा. पीना झालेली आन्ना मान्यानी आणि पाद्री झालेला आल्दो फाब्रित्सी दोघंही नाच-गाणी-विनोदाच्या ‘व्हरायटी’ रंगभूमीवरचे गाजलेले कलाकार होते, चित्रपटांतही रुळलेले. प्रेक्षक त्यांना हसवणारे नट म्हणून ओळखत होता, म्हणून तर त्यांचं मरण इतकं झोंबलं. आणि आवाज? चित्रीकरण मूक झालं, संवाद नंतर डब केले. इटलीत ही सर्रास पद्धत होती.

दुसरी दंतकथा फिल्मची. फोटोग्राफरांकडून मिळवलेले उरलेसुरले तुकडे जोडून चित्रपट काढला, म्हणून दृश्यागणिक चित्राचा पोत बदलतो, असं सांगितलं जातं. १९९५ मध्ये रोमच्या चिनेतेका नात्सिओनाले या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून पुनर्संचयन केलं, तेव्हा त्यात फक्त तीन प्रकारची फिल्म सापडली: बाहेरच्या दृश्यांना फेरानिया सी-६, आणि आतल्या दृश्यांना जास्त संवेदनशील आग्फा सुपर पॅन व आग्फा अल्ट्रा रॅपिड. ही निवड अंदाधुंद नव्हती. दिवसाउजेडी मंद फिल्म, अपुऱ्या दिव्यांत वेगवान फिल्म, असा सरळ हिशेब होता. गडबड झाली ती लॅबमध्ये. डेव्हलपिंगची वेळ कमीजास्त झाली की एकाच दृश्यातले शॉट काही गडद, काही फिके येतात. टाकीतलं द्रावण पुरेसं ढवळलं नाही तर वापरून निकामी झालेलं डेव्हलपर फिल्मला चिकटून राहतं आणि चित्रावर डाग, पट्टे उमटतात. फिक्सिंग अपुरं राहिलं तर न धुतले गेलेले चांदीचे क्षार मागे उरतात आणि वर्षं लोटतात तसं चित्र मळत जातं. ज्याला आपण ‘वास्तववादी खरखरीतपणा’ म्हणून डोक्यावर घेतलं, त्यातला बराचसा भाग हा युद्धानंतरच्या मोडक्या लॅबचा दोष आहे. हे कळल्यावर चित्रपट लहान होत नाही. पण त्या खरखरीतपणाची मुद्दाम नक्कल करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

‘रोम, ओपन सिटी’वरचा माझा खरा आक्षेप तांत्रिक नाहीच, नैतिक आहे. त्यातली दुष्टाई जवळजवळ सगळी जर्मन आहे. गोळ्या घालणाऱ्या तुकडीतले इटालियन शिपाई पाद्र्यावर मुद्दाम नेम चुकवतात आणि शेवटी जर्मन अधिकारीच पिस्तूल काढतो. गेस्टापोचा प्रमुख बायकी, त्याची सहकारी इन्ग्रिड समलिंगी, आणि ही वैशिष्ट्यं थेट विकृतीची खूण म्हणून वापरलेली. वीस वर्षं फॅसिझम ज्यांनी चालवला, मिरवला, सोसला, ते इटालियन जवळपास निर्दोष सुटतात. रोसेलिनीला हे सोयीचं होतं, हेही स्पष्ट लिहायला हवं. १९४१ चा ‘ला नावे बियांका’, १९४२ चा ‘उन पिलोता रितोर्ना’ आणि १९४३ चा ‘लुओमो दाल्ला क्रोचे’ हे त्याचे तीन चित्रपट फॅसिस्ट राजवटीच्या युद्धप्रचाराचा भाग होते. त्यातल्या दुसऱ्याची कथा तर मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरियोची, टोपणनावाने लिहिलेली. या तिघांना ‘उमेदवारी’ म्हणून बाजूला सारणारे लेख वाचले की वाईट वाटतं. ‘ला नावे बियांका’मध्ये खरे नौसैनिक आहेत, खरी जहाजं आहेत. म्हणजे ज्या पद्धतीचं श्रेय आपण फॅसिझमविरोधाला देतो, ती फॅसिस्ट नौदलाच्या आश्रयाने आधीच वापरून झाली होती. खऱ्या जागा आणि अनुभव नसलेली माणसं घेतली की सत्य आपोआप येत नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

वेगवेगळ्या कथांच्या १९४६ च्या ‘पैसान’बद्दल इतकंच: सिसिलीचा भाग आणि अपेनाइन्स डोंगरांतल्या मठाचा भाग, दोन्ही नेपल्सच्या दक्षिणेला मायोरीच्या परिसरात चित्रित झालेत. भूगोल खोटा, भिक्षू खरे. आणि शेवटचा पो नदीच्या त्रिभुज प्रदेशातला भाग आजही हादरवतो.

माझ्या लेखी रोसेलिनीचा मोठेपणा सुरू होतो १९५४ च्या ‘जर्नी टू इटली’पासून. इन्ग्रिड बर्गमन आणि जॉर्ज सँडर्स हे इंग्रज जोडपं मेलेल्या काकांचं घर विकायला नेपल्सला येतं आणि एकमेकांना वैतागतं. एवढंच कथानक. रोसेलिनीने सँडर्सला संवाद आधी दिले नाहीत, ऐन वेळी दिले. हॉलिवुडच्या शिस्तीतला हा नट खरोखर बावचळला, चिडला, आणि तीच चीड नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते. बर्गमनला रोसेलिनी एकापाठोपाठ एक जागा दाखवतो: नेपल्सच्या संग्रहालयातले पुतळे, कूमाची प्राचीन गुहा, सोल्फातारा हे ज्वालामुखीचं विवर. सोल्फाताराला वाटाड्या धूर सोडतो आणि लांबवरच्या भेगांतूनही वाफ उसळायला लागते. नंतर फोन्तानेल्ले या अस्थिगृहातल्या कवट्या. मग पॉम्पेई. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली, त्यांच्या जागी पोकळी राहिली. त्या पोकळीत प्लास्टर ओततात, ते घट्ट झालं की भोवतालची राख खरवडतात आणि मरताना जशी होती तशी माणसं समोर येतात. फिओरेल्लीने १८६३ मध्ये सुरू केलेली ही रीत. पडद्यावर हे काम सावकाश होतं, आणि आपल्यासमोर एक पुरुष आणि एक बाई शेजारीशेजारी मेलेले उघडे पडतात. बर्गमन तिथून पळते. कुणी काही समजावून सांगत नाही. संवादाने जे झालं नसतं ते एका कामाच्या पायऱ्या शांतपणे दाखवून झालं. पुढच्या वीस वर्षांची किल्ली या दृश्यात आहे.

भारतात तो आला १९५६ च्या अखेरीस. इथे त्याचं नाव निघतं ते वर्तमानपत्रांनी गाजवलेल्या खासगी आयुष्यामुळे, आणि १९५९ चा ‘इंडिया मातृभूमी’ फार थोड्यांनी पाहिलेला असतो. सुरुवात मुंबईच्या गर्दीपासून होते. मग माहूत आणि हत्ती, हिराकूड धरणावरचा पूर्व बंगालमधून आलेला कामगार, वाघाला वाचवू पाहणारा म्हातारा, आणि मालक मेल्यावर एकटं पडलेलं माकड. हिराकूडचा भाग बघा. काम संपलंय, माणसाला निघायचंय, आणि तो नुसता धरणावरून हिंडत निरोप घेतो. नेहरूकाळातल्या विकासाकडे इतक्या आदराने आणि तरीही इतक्या उदासपणे बघणारे चित्रपट मला फारसे माहीत नाहीत.

आणि मग टीव्ही. इथेच रोसेलिनीवर सगळ्यात मोठा अन्याय झालाय. साठच्या दशकात त्याने चित्रपटगृहाकडे पाठ फिरवली आणि लोखंडाचा इतिहास, येशूच्या प्रेषितांची कृत्यं, सॉक्रेटिस, पास्काल, ऑगस्टीन, कोझिमो दे मेदिची, देकार्त असे विषय टीव्हीसाठी घेतले. समीक्षक याला ‘शैक्षणिक’ म्हणून बाजूला ठेवतात. ज्यांनी कधी कमी पैशात ऐतिहासिक काही करायचा प्रयत्न केलाय त्यांनी तरी असं म्हणू नये.

त्याचं पहिलं हत्यार पॅन्सिनॉर नावाची झूम लेन्स. लेन्सला मोटर बसवून नियंत्रण त्याने स्वतःच्या हातात घेतलं. कॅमेरामन पॅन करतो म्हणजे कॅमेरा जागच्या जागी वळवतो, रोसेलिनी बाजूला बसून झूम. एरवी एका प्रसंगाला आधी संपूर्ण दृश्य, मग मध्यम, मग जवळचे शॉट, आणि दर वेळी नवी प्रकाशयोजना लागते. इथे पूर्ण प्रसंग एका लांब शॉटमध्ये निघतो. संकलन चित्रीकरणातच होतं. किंमत मोजावी लागतेच. प्रकाश दूरच्या आणि जवळच्या दोन्ही चौकटींना चालावा लागतो, म्हणून तो सपाट पडतो. झूम लेन्स उजेड जास्त मागते. फोकस सर्वांत जवळच्या टोकाला लावून घ्यावा लागतो; रुंद टोकाला लावला तर झूम आत जाताना चेहरा मऊ पडतो. या तिन्ही खुणा त्याच्या चित्रपटांत दिसतात.

दुसरं हत्यार आरसा, शूफ्टान पद्धतीचा. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा उभा करायचा. जिथे नट दिसायला हवेत तेवढ्या भागावरचा चांदीचा थर खरवडायचा. उरलेल्या भागात बाजूला ठेवलेलं मॉडेल किंवा मोठा फोटो परावर्तित होतो. फोटो डावा-उजवा उलटा लावायचा, नाहीतर इमारत उलटी दिसते. दोन्हीकडचा उजेड जुळला नाही तर सांधा लगेच उघडा पडतो. नट खरवडलेल्या भागाबाहेर गेला की तो भिंतीआड गेल्यासारखा गायब. ‘सॉक्रेटिस’साठी स्पेनमधल्या पातोनेस गावावर अथेन्सचं अक्रोपोलिस असंच उभं राहिलं. लॅबमध्ये दुसरी प्रत काढावी लागत नाही, मूळ निगेटिव्हवरच मिश्रण होतं. आणि कॅमेरा रुळांवरून हलवला तर सांधा सरकेल, पण झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे सांधा टिकतो. दोन हत्यारं एकमेकांसाठीच केल्यासारखी आहेत.

१९६६ चा चौदाव्या लुईवरचा चित्रपट यातला शिखर. फ्रेंच टीव्हीसाठी, तीन-साडेतीन आठवड्यांत चित्रित. राजाच्या भूमिकेतला जाँ-मारी पात हा कचेरीत काम करणारा माणूस. संवाद पाठ होईनात, म्हणून ते फळ्यावर लिहून कॅमेऱ्याबाहेर ठेवले. तो समोरच्याकडे न बघता फळा वाचतो, आणि ती नजर राजाची होते: कुणाकडेही न बघणारी. लुई शिंप्याला कपड्यांवर फिती आणि लेस वाढवायला सांगतो, कारण सरदार कपड्यांच्या कर्जात बुडाले की बंड करणार नाहीत. मग राजाचं जेवण: स्वयंपाकघरातून ताटं निघतात, पहारा बरोबर चालतो, दरबार उभा राहून एका माणसाला जेवताना बघतो. सत्ता म्हणजे काय यावर भाषण नाही, फक्त तिचं रोजचं कामकाज.

दोष आहेत. डबिंग कधीकधी इतकं निर्जीव की देकार्तवरच्या ‘कार्तेझिओ’मधले वाद पाठांतरासारखे वाटतात. सॉक्रेटिसची बायको झान्टिपे कटकटीपुरतीच उरते. बारा भागांची मानवाच्या जगण्याच्या धडपडीची मालिका मधूनमधून पार सुकते. तरी ही यादी त्या तीन प्रचारपटांच्या आणि त्यावरच्या मौनाच्या शेजारी ठेवली तर मला हलकीच वाटते.

बघायचं असेल तर प्रत तपासून घ्या. ‘स्ट्रॉम्बोली’ या त्याच्या चित्रपटाची आरकेओ या हॉलिवुड कंपनीने अमेरिकेत लावलेली ८१ मिनिटांची प्रत टाळा, तिच्यात निवेदन घुसडून शेवटच बदललाय. सुमारे १०७ मिनिटांची मूळ प्रत शोधा. ‘जर्नी टू इटली’ इंग्रजीतच बघा, बर्गमन आणि सँडर्सचे आवाज त्यातच आहेत. इटालियन प्रतीत सँडर्सचा तो चिडलेला सूर हरवतो. आणि लुईचा चित्रपट बघताना सुरुवातीला राजाचा आजारी मंत्री माझारँ याच्याभोवती जमलेले वैद्य त्याचं मूत्रपात्र हुंगून सल्लामसलत करतात तिथे कंटाळून पुढे सरकवू नका. पुढे राजाचं जेवण येईल तेव्हा ते दृश्य आठवावं लागतं.