कान तपासून घेतले, लेस्टर यंग अजूनही पहिलाच (‘तीव्र मध्यम’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

तीव्र मध्यम साहेब,

उत्तराला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी. तुमची प्रतिक्रिया मंगळवारीच वाचली होती पण तेव्हा डोकं तापलं, आणि तापल्या डोक्याने टाईप केलेलं मला नंतर डिलीट करावं लागतं असा अनुभव आहे, म्हणून चार दिवस थांबलो आणि तेवढ्यात सगळ्या रेकॉर्ड्स परत ऐकून घेतल्या.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. मी जॅझमधल्या सर्वांत मोठ्या पाच सॅक्सोफोनवाल्यांची यादी टाकली होती: लेस्टर यंग, चार्ली पार्कर, कोलमन हॉकिन्स, जॉन कोल्ट्रेन, जॉनी हॉजेस, याच क्रमाने. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की कोल्ट्रेन चौथा म्हणजे निव्वळ खोडसाळपणा आहे, त्याची तयारी बघा, तो एकेक तास वाजवायचा आणि तुमचा लेस्टर तीन मिनिटांत आटोपायचा, शिवाय लष्करातून आल्यावर तो संपलाच होता, हॉजेस म्हणजे गुळाची ढेप, सॉनी रॉलिन्स यादीतच नाही हा गुन्हा, आणि एकंदरीत लेखकाने कान तपासून घ्यावेत. बरोबर ना? काही राहिलं असेल तर सांगा.

आता ‘तयारी’पासूनच सुरू करतो कारण माझं खरं भांडण त्या शब्दाशी आहे. आपल्याकडे मैफलीतून बाहेर पडताना लोक काय बोलतात, “काय तयारी आहे हो!” आणि मग तान किती लांब गेली, किती आवर्तनं चालली याचा हिशोब. तोच हिशोब घेऊन आपण जॅझकडे जातो आणि मग कोल्ट्रेन पहिला येणारच, त्यात दुसरा निकाल लागूच शकत नाही. त्याच्या १९५९ च्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ) इतक्या भरभर आणि इतक्या लांब उड्या मारत बदलतात की पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन, जो काही लहानसहान माणूस नव्हता, तोसुद्धा स्वतःच्या सोलोत चाचपडताना स्पष्ट ऐकू येतो, आणि कोल्ट्रेन मात्र सगळं घरून पाठ करून आल्यासारखा सुसाट. (फ्लॅनगनने १९८२ मध्ये स्वतःच्या ट्रिओबरोबर तीच ट्यून परत रेकॉर्ड केली. तेवीस वर्षं डोक्यात ठेवली असणार बिचाऱ्याने.) ही तयारी मी नाकारतच नाहीये. मी यादी करताना वेगळा प्रश्न विचारला होता, की कुणाच्या येण्याआधी आणि येण्यानंतर हे वाद्य वाजवण्याची कल्पनाच बदलली?

आणि इथे गोष्ट हॉकिन्सपासून सांगावी लागते, त्याशिवाय लेस्टर कळत नाही. हॉकिन्सच्या आधी टेनर सॅक्सोफोन हा तसा गमतीचा प्रकार होता, जिभेने फटक फटक आवाज काढायचे, लोक हसायचे. फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये दहाएक वर्षं राहून हॉकिन्सने त्याला भारदस्त केलं. जाडजूड, थरथरता, खोली भरून टाकणारा आवाज, आणि प्रत्येक कॉर्डच्या जिन्याने वर चढायचं आणि उतरायचं. १९३४ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला आणि हेंडरसनने त्याच्या खुर्चीवर लेस्टरला बसवलं. झालं! बँडवाल्यांना हा पातळ, हलका, जवळजवळ थरथर नसलेला आवाज चालेना. लेस्टर हेंडरसनच्याच घरी उतरला होता आणि हेंडरसनची बायको रोज सकाळी त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्ड्स लावून ऐकवायची, की बाबा असं वाजव. कल्पना करा, पंचविशीही पूर्ण न झालेला पोरगा, परक्याच्या घरी राहतोय, आणि चहाच्या वेळेला रोज दुसऱ्याचा आवाज कानात ओततायत. काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली, आणि जाताना हेंडरसनकडून लिहून घेतलं की मला काढलेलं नाही. ते पत्र मला फार आवडतं. त्याने आवाज बदलला नाही, फक्त कागद मागितला.

मग १९३६, शिकागो. पियानोवाला बँडप्रमुख काउंट बेसी याच्याबरोबरची त्याची पहिली रेकॉर्डिंग्ज, वय २७. ‘शू शाइन बॉय’ लावा. लेस्टरच्या वाट्याला ६४ बार आहेत (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा समजा). आता त्याच्यापुढे हॉकिन्सचं १९३९ चं ‘बॉडी अँड सोल’ लावा, त्यातही हॉकिन्सचे बरोबर ६४ बार. लय वेगळी आहे, एक पळतंय आणि दुसरं संथ, तरी ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मी कुणाशी या विषयावर वाद घालत नाही. हॉकिन्स मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवतो आणि मग प्रत्येक कॉर्डचं कुलूप उघडून आतलं सामान बाहेर काढतो, एकही खोली सोडत नाही. लेस्टर कॉर्डवरून वाऱ्यासारखा आडवा जातो, कुठे एकाच सुरावर ठिय्या मारतो, कुठे बारची रेघ आलीच नाही असं दाखवून वाक्य पलीकडे नेऊन संपवतो, आणि मधे गप्प बसतो. ते गप्प बसणं! टेनरवर कुणी असं गप्प बसलेलं त्याआधीच्या रेकॉर्ड्समध्ये मला तरी सापडलेलं नाही.

तीन मिनिटांचं म्हणाल तर अहो ती ७८ च्या तबकडीची मर्यादा होती, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. कोल्ट्रेनला लाँग प्ले मिळाली म्हणून १९६१ च्या ‘चेसिन द ट्रेन’चा जवळपास सोळा मिनिटांचा ब्लूज छापता आला. लेस्टर तबकडीबाहेर किती वाजवायचा याचा किस्सा पियानोवादक मेरी लू विल्यम्स सांगायची, की १९३३ मध्ये हेंडरसनचा बँड कॅन्सस सिटीत आलेला असताना पहाटे चारला टेनरवाल्या बेन वेबस्टरने तिची खिडकी वाजवली, चल, पियानोवाले थकलेत. ती गेली तर हॉकिन्स घामाने भिजून नुसत्या बनियनवर, समोर लेस्टर, वेबस्टर, हर्शेल एव्हन्स, आणि कुणीच थांबायला तयार नाही. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला सेंट लुईसला वेळेत पोचायचं म्हणून हॉकिन्सने नवी कोरी कॅडिलॅक इतकी पिटाळली की ती जळालीच म्हणे. यात मीठमसाला किती हे देव जाणे, पण तासांवरच मोजायचं तर लेस्टर त्यातही मागे नव्हता एवढंच.

त्याच्या काही बारीक गोष्टी मूळ लेखात लिहायच्या राहिल्या होत्या, तुमच्या निमित्ताने लिहितो. एक म्हणजे तो एकच सूर दोन वेगळ्या बोटांनी लागोपाठ वाजवायचा, सूर तोच पण एक उघडा आणि एक कोंडल्यासारखा, त्यामुळे एकाच सुरावर लय नाचायची. १९३९ च्या ‘लेस्टर लीप्स इन’मध्ये हे शोधा, सापडलं की हसू येईल. दुसरं, गाण्याचे शब्द माहीत असल्याशिवाय बॅलड (संथ भावगीत) वाजवू नये असं त्याचं मत होतं. सॅक्सोफोनला शब्द कुठून येणार, पण १९३७ मधलं गायिका बिली हॉलिडेचं ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’ ऐका, गाणं तसं अगदी सामान्य आहे, तिच्या मागे लेस्टर जे वाजवतोय ते ऐकताना कोण कुणाला शब्द सांगतंय हे कळत नाही. तिने त्याला ‘प्रेस’ म्हटलं, प्रेसिडेंटचं लाडकं रूप, त्याने तिला ‘लेडी डे’ म्हटलं, आणि जगाने दोन्ही नावं उचलली.

आता वारसा. पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यात एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात नोकरीला गेला तेव्हा लेस्टरच्या रेकॉर्ड्स बरोबर नेल्या आणि सोलो घोटून घोटून पाठ केले, परत आला तो वेगळाच माणूस होऊन. १९४० मध्ये जे मॅकशॅनच्या बँडबरोबरचं त्याचं ‘लेडी बी गुड’ ऐकलंत तर लेस्टरची सही कुठे कुठे आहे ते दिसेल. स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, डेक्स्टर गॉर्डन, सगळे या ना त्या वाटेने त्याच्याचकडून आले. आणि तुमचा कोल्ट्रेन? १९६० मध्ये डाउनबीट मासिकात त्याने स्वतः लिहिलंय की टेनरवाले ऐकायला सुरुवात केली ती लेस्टरपासून, आणि आवडलं काय तर त्याच्या ओळीतला साधेपणा. हे मी म्हणत नाहीये हो, कोल्ट्रेन म्हणतोय. हॉजेसच्या बाबतीत तर वादच मिटतो, १९५४ मध्ये कोल्ट्रेन त्या गुळाच्या ढेपेच्या बँडमध्ये पगारावर होता.

“लष्करातून आल्यावर संपला” हे वाक्य मात्र मला लागलं, कारण ते सगळेच म्हणतात आणि मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. घडलं ते भयंकरच होतं. १९४४ मध्ये त्याला सक्तीने भरती केलं, १९४५ मध्ये गांजा आणि गोळ्या सापडल्या म्हणून कोर्ट मार्शल, जॉर्जियातल्या फोर्ट गॉर्डनच्या कोठडीत वर्षभराची शिक्षा. सुटल्यावर लगेच रेकॉर्ड केलेल्या एका ट्यूनचं नाव ‘डी. बी. ब्लूज’, डी. बी. म्हणजे डिटेन्शन बॅरक्स. आवाज नंतर जाड झाला, ओला झाला, बोटं हळू पडली, दारू वाढत गेली, सगळं मान्य. तरीही जानेवारी १९५६ मधली पियानोवादक टेडी विल्सनबरोबरची रेकॉर्डिंग्ज ऐका आणि मग सांगा संपलेला माणूस असा वाजवतो का. आणि ८ डिसेंबर १९५७, सीबीएस टीव्हीवर बिली ‘फाइन अँड मेलो’ गातेय. आधी बेन वेबस्टर वाजवतो, छान, भरलेला, मखमली. मग लेस्टर उठतो. १२ बार. मोजक्या नोटा, कुठेही घाई नाही, आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर आहे, ती मान हलवतेय, एकदा ओठ चावते, आणि आपल्याला वाटतं की आपण दोघांचं खाजगी बोलणं चोरून ऐकतोय. हॉकिन्सही तिथेच आहे, तोही नंतर वाजवतो. त्या क्लिपमध्ये लेस्टरकडे हॉकिन्सच्या निम्मा दम नाही आणि तरी माझ्या बायकोने, जिला जॅझ म्हणजे लिफ्टमधलं म्युझिक वाटतं, स्वयंपाकघरातून येऊन विचारलं की हा दुसरा कोण?

एक तारखांचा योग सांगतो, तो मला मागच्या आठवड्यातच ध्यानात आला. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं, ज्यात कोल्ट्रेन वाजवतो, पहिलं रेकॉर्डिंग २ मार्च १९५९ चं, दुसरं २२ एप्रिलचं, आणि मेच्या सुरुवातीला ‘जायंट स्टेप्स’. म्हणजे कोल्ट्रेन कोल्ट्रेन झाला तो याच वसंतात. आणि या दोन रेकॉर्डिंग्जच्या मधे, १५ मार्चच्या पहाटे, पॅरिसहून नुकताच परतलेला लेस्टर त्याच न्यूयॉर्कमध्ये, बर्डलँड क्लबच्या समोरच्या आल्विन हॉटेलच्या खोलीत गेला. वय ४९. बिली त्याच वर्षी १७ जुलैला गेली आणि कोल्ट्रेनही १७ जुलैलाच, १९६७ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. याचा यादीशी संबंध नाही, पण लिहिल्यावाचून राहवेना.

आता रॉलिन्स. इथे तुम्ही जिंकलात, आणि हे मी कुरकुरत नाही, सरळ कबूल करतो. ‘सॅक्सोफोन कोलोसस’मधलं १९५६ चं ‘ब्लू सेव्हन’ एकच छोटीशी चाल घेऊन अकरा मिनिटं घरासारखं रचत नेतं, विटेवर वीट. बाहेर काढायला मला कुणी सापडेना म्हणून मी त्याला सोडला आणि लेखात त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही, हे वाईट केलं. ज्या माणसाचं नाव झालेलं असताना तो १९५९ मध्ये कार्यक्रम बंद करतो, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज करतो, तोही थोडाथोडका नाही, दोन वर्षं, त्याला टाळायचं म्हणजे काय. आणि साठच्या दशकाच्या शेवटी परत सगळं सोडून तो आला कुठे, तर आपल्या पवईला, चिन्मयानंदांच्या आश्रमात! जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) ट्रॅफिकमध्ये अडकलो की हल्ली मी उगाच त्या बाजूला बघतो. नंतर १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला. आमचे एक काका तेव्हा तिथे होते, त्यांना विचारलं कसा वाजवला हो, तर म्हणाले पाऊस पडल्यासारखा, आणि पुढे वडापाव कुठे खाल्ला तेच सांगत बसले.

तर मूळ लेखात दुरुस्ती करतोय. यादी पाचाची सहा होईल, रॉलिन्स पाचवा, हॉजेस सहावा, आणि कोल्ट्रेन चौथाच राहील. ‘अ लव्ह सुप्रीम’ मी गेले चार दिवस रोज ऐकलंय, चौथ्या भागात तो स्वतःचीच प्रार्थना शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर म्हणतो तिथे माझाही गळा दाटतो, पण हॉकिन्सच्या वर त्याला नेताना हात थबकतो, त्याला काय करू. तुम्ही हॉकिन्स आणि कोल्ट्रेनवर स्वतंत्र लिहा, मी इथे छापतो, एक शब्दही न कापता. फक्त त्याआधी ‘शू शाइन बॉय’ तीनदा ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नको.

आणि खाली एकांनी विचारलंय की केनी जी का नाही. त्यांना वेगळं उत्तर देतो, आधी चहा टाकतो.