‘खुंट उडवा, दुप्पट कापा’ म्हणणाऱ्या व्हिडिओला उत्तर

चेनसॉला धार लावण्याचं ‘सिक्रेट’ सांगणारा एक छोटा व्हिडिओ सध्या बागायतदारांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला माणूस ग्राइंडर घेतो आणि चेनच्या प्रत्येक दातापुढचा बोथट खुंट मुळापासून उडवतो. म्हणतो, या खुंटाचं काही काम नाही, चेन लवकर निकामी व्हावी म्हणून कंपन्यांनी तो ठेवलाय. तो काढा, मशीन दुप्पट कापेल. मशीन उसळते ती हात कच्चा असणाऱ्यांची, आणि चेन ब्रेक असतोच. खुंटाची उंची मोजायच्या गेज पट्टीवर पैसे घालवू नका, नजरेने कळतं.

परवा हा व्हिडिओ माझ्या मेहुण्याने मला पाठवला. खाली लिहिलेलं, ‘दाजी, रविवारी ग्राइंडर घेऊन येतो, आपल्या दोन्ही चेन करून टाकू.’ हा माणूस हापूसच्या कलमांत शिरून गर्द फांद्या कापतो. म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

‘खुंटाचं काम नाही’ इथूनच सुरुवात करू. मॅन्युअलमध्ये या खुंटाला डेप्थ गेज म्हणतात. लाकडावर आधी तो टेकतो आणि मागच्या दाताने किती खोल चावायचं ते ठरवतो. सुताराचा रंधा बघा. पातं तळाच्या केसभरच बाहेर असतं, म्हणून पातळ ढलपी निघते. पातं जास्त बाहेर काढलं तर रंधा लाकडात अडकतो. चेनसॉमध्ये हे ‘केसभर’ म्हणजे दाताचं टोक आणि खुंटाचा माथा यांच्या उंचीतला फरक. आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक चेनसाठी तो ०.६५ मिलिमीटर असतो, म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही. खुंटच गेला की दाताला आवर राहत नाही. इंजिन ओढू शकेल त्याहून जास्त लाकूड तो धरायला बघतो, मग मशीन हिसके देते, क्लच घसरतो, चेन ताणली जाते, बार (चेन ज्याच्या कडेने फिरते ते लांब पातं) झिजतो. वर ग्राइंडरने प्रत्येक खुंट वेगळ्या उंचीचा झाला की काप सरळ जात नाही, एका अंगाला वळतो.

हे सगळं तरी पैशांचं नुकसान आहे. उसळीबद्दल तो जे बोलतो त्याने माणूस जाईल.

पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण २० मीटर धावते. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग एखाद्या फांदीला लागला की तिथला दात लाकूड पकडतो आणि अडकतो. चेनची ती सगळी ताकद मग बारला वर आणि मागे फेकते, म्हणजे थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे, खांद्याकडे. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. हात पक्का आहे की कच्चा हे ठरायला वेळच मिळत नाही. अनुभवी माणूस टोक लाकडाला लागू देत नाही, हाच त्याचा अनुभव. एकदा लागलं की अनुभवाचा उपयोग संपला. दात जितका खोल चावेल तितका जोरात अडकेल, आणि खुंट नेमका हे खोल चावणं रोखतो. कमी उसळणाऱ्या चेन मिळतात, त्यात खुंटाला मुद्दाम उतार दिलेला असतो किंवा त्याच्या शेजारच्या कडीला जादा उंचवटा असतो, म्हणजे टोकाला वळताना दात खोल शिरू नये. व्हिडिओतला माणूस हेच कापून फेकतोय.

माझं ऐकू नका. इलेक्ट्रिक चेनसॉच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२८४१, भाग ४-१ (आधी आयईसी ६०७४५, भाग २-१३). त्यात उसळीच्या इशाऱ्यांमध्ये स्वच्छ सांगितलंय की डेप्थ गेजची उंची कमी केली तर उसळी वाढू शकते. घरात इलेक्ट्रिक मशीन असेल तर मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत हा इशारा सापडेल. पेट्रोल मशीनच्या मॅन्युअलमध्ये तो धार लावण्याच्या भागात असतो. ते पान उघडा आणि ज्याने व्हिडिओ पाठवला त्याला त्याचा फोटो पाठवा.

राहिला चेन ब्रेक. पुढचा हँडगार्ड हाताने ढकलला गेला किंवा झटक्याने आपोआप सुटला की ब्रेक चेन थांबवतो. तो चेन थांबवतो, बार नाही! बार त्याच वेगाने अंगावर येतोच. ब्रेकमुळे जखम कमी होण्याची शक्यता वाढते, उसळी टळत नाही. आणि ज्यांची मशीन कधी सर्व्हिसिंगला गेली नाही, त्यांचा ब्रेक भुशाने भरलेला असतो हे मी वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी घरांत पहिल्यांदा चेनसॉ आली. एकमेकांवर पडलेल्या माड-पोफळींच्या ढिगात, आंब्या-फणसाच्या फांद्यांत, बारचं टोक पलीकडे कशाला लागतंय ते दिसत नाही. अशा ठिकाणी खुंट उडवलेली चेन मी कुणाच्याही हातात देणार नाही.

कंपन्यांच्या डावाबद्दल फार लिहीत नाही. खुंट कधी, किती आणि कसा घासायचा हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं आणि त्यासाठीची पट्टी कंपन्याच विकतात.  

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. खुंटाला कधीच हात न लावणंसुद्धा चूक आहे. दाताचा माथा मागे उतरता असतो. गोल कानशीने दात घासत गेलं की तो मागे सरकतो आणि बुटका होतो, खुंट मात्र तेवढाच राहतो. मग धार बोटाला लागते पण मशीन लाकूड खात नाही, नुसतं वरून घसटत राहते. व्हिडिओखाली ‘खरंच फरक पडला’ लिहिणारे बहुतेक हेच लोक असणार. चेन वर्षभर घासली, खुंट कधी घासला नाही, आता मुळापासून उडवला, मग पहिले चार काप भराभर जाणारच. त्यांना हवा होता तो फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा.

तो नजरेने येत नाही. ०.६५ आणि १ मिलिमीटर यांतला फरक कुणाच्या डोळ्याला दिसत असेल तर त्याने मला दाखवावा. आधी सगळे दात गोल कानशीने सारख्या लांबीचे करा. मग चेनवर गेज पट्टी ठेवा. पट्टीच्या खाचेतून खुंटाचा जेवढा भाग वर येतो तेवढाच चपट्या कानशीने घासा. पट्टीवर कठीण आणि मऊ लाकडासाठी दोन खाचा असतील तर आंबा, ऐन, बाभळीला कठीणचीच वापरा. शेवटी खुंटाची पुढची कड पुन्हा गोलसर उतरती करा, हे बरेच जण विसरतात. दोन-तीन धारांनंतर एकदा तपासलं तरी पुरतं. ग्राइंडर या कामाला लागतच नाही, त्याने दात तापून निळा पडतो आणि मग धार टिकत नाही.

ज्यांनी आधीच खुंट उडवलेत त्यांच्यासाठी. उडालेला खुंट परत येत नाही. थोडाच जास्त गेला असेल तर सगळे दात मागे घासत न्या, पट्टीवर फरक बरोबर आला की ती चेन वापरता येईल. त्याआधीच दात झिजण्याच्या खुणेपर्यंत पोचले, किंवा खुंट मुळातूनच गेलेत, तर चेन बाद करा. आणि ती अख्खी भंगारात टाकू नका, दोन ठिकाणी तोडून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून आपल्या बारवर चढवेल.