पुण्य आईचं, रेनकोट माझा

माझा नवा रेनकोट सध्या दिवेघाट चढतोय आणि मी ऑफिसात ओले मोजे घालून बसलोय.

झालं असं की पालख्या पुण्यात मुक्कामाला, आम्ही नाना पेठेत, त्यामुळे वारकरी थेट जिन्यापर्यंत. आईने दरवर्षीसारखं पिठलं-भाकरी केलं, इथवर ठीक. काल मी आंघोळ करून बाहेर येतो तर दारात एक आजोबा माझा रेनकोट घालून उभे, आणि आई जरा मागे सरकून, मापात बसतोय का बघतीये.

"माऊली, ह्याची चेन अडकतीया."

टॉवेलवरच्या माणसाला माऊली म्हणायला मन मोठं लागतं, मान्य. चेन लावून दिली. मग "टोपी कुटं हाय ह्याची?" ती कॉलरच्या आत गुंडाळलेली असते, तीही काढून दिली. मग बाह्या लांब होतायत म्हणून दुमडून दिल्या, म्हणजे माझ्याच रेनकोटाची माझ्याकडूनच फिटिंग चाललेली. मग त्यांनी खिशात हात घालून पेट्रोलची पावती आणि शंभराची नोट काढली आणि अगदी निर्मळपणे विचारलं, "हे बी ह्यातलंच का?"

मी तोंड उघडायच्या आत आई, "असू द्या हो, वाटेत चहाला होतील."

पावती मला मिळाली.

"पर तुला नगं हुता का रं?" आता हे विचारलं! आई माझ्याकडे बघतीये. मी म्हटलं, "छे छे, जुनाच होता."

आईला माणसात देव दिसतो, दिसू दे ना. पण आमच्याच रस्त्यावर बघा, दाढी करणारे फुकट दाढ्या करतात, चपला शिवणारे फुकट शिवून देतात, कॉलेजची पोरं पाय दाबतात, पण ते स्वतःच्या वस्तऱ्याने, स्वतःच्या दोऱ्याने, स्वतःच्या हाताने! शेजाऱ्याचा वस्तरा कुणी दान करत नाही.

म्हणून मला तुकोबांपेक्षा त्यांची बायको आवली जवळची वाटते. नवरा वाटेत ऊस वाटून एकच घरी आणतो, आणि ती तो त्याच्याच पाठीत घालते, अशी गोष्ट आहे ना, तिचं नेहमी हसू करतात. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढायचं? तीच, विठोबाला शिव्या घालत. आणि १६८५ला तुकोबांची पालखी सुरू केली ती नारायण महाराजांनी, म्हणजे आवलीच्याच धाकट्या पोराने. पादुका वडिलांच्या ठेवल्या. आईच्या वहाणांची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. घरात एकजण संत झाला की बाकीच्यांनी काय करायचं हे कुणीच सांगत नाही, किराणा तर भरावाच लागतो.

हे सगळं मी आज सकाळी आईला ऐकवलं, बाहेर धो-धो पाऊस. ती म्हणाली, "ते दोनशे-अडीचशे किलोमीटर चालणारेत, तुला स्वारगेटपर्यंत जायचंय," आणि गादीवरचं प्लास्टिक काढून माझ्या हातात दिलं. सिग्नलला एका रिक्षावाल्याने "काय साहेब, पार्सल कुठलं?" म्हणून विचारलंच.

वर निघताना आई म्हणते, पुढच्या वर्षीपण येणारेत हं ते, जाताना विचारत होते, पोराच्या बुटाचा नंबर काय.