लिहायचं एक, म्हणायचं भलतंच!

या इंग्रजीला कुणी जाब विचारणार आहे की नाही? लिहायचं 'कोलोनेल', म्हणायचं 'कर्नल'. का? तर उच्चार ठेवला फ्रेंच 'कोरोनेल'चा आणि स्पेलिंग घेतलं इटालियन वळणाचं! वा रे वा! जहाजावरच्या 'बोटस्वेन'चं (खलाशांचा मुकादम) होतं 'बोसन', तिथल्याच 'फोरकॅसल'चं (जहाजाचा पुढचा भाग) 'फोक्सल'. मधली अक्षरं काय समुद्रात पडली? आडनावांची तर तऱ्हाच न्यारी. 'चोल्मोंडेली' लिहून 'चम्ली', 'फेदरस्टोनहॉ' लिहून 'फॅनशॉ'! एवढी अक्षरं गिळून साधा ढेकर नाही.

पण डोकं फिरतं ते 'डेट'पाशी. हो, कर्जवालं. फ्रेंचमधून आलेला हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत सरळ 'बी'शिवाय लिहीत होते की! पुढे लॅटिनच्या वेडापायी पंडितांनी 'डेबिटम'शी नातं दाखवायला तो 'बी' घुसडला. 'रिसीट'मधला 'पी' तसाच, 'इंडाइट'मधला (आरोप ठेवणं) 'सी' तसाच. 'आयलंड'मधला 'एस' तर कहरच. लॅटिन 'इन्सुला'शी (म्हणजे बेट) त्या शब्दाचा काडीचा संबंध नाही, तरी बसवला! पांडित्य त्यांचं आणि शाळेत कान कुणाचे पिरगळले? आमचे. वर कुणी चुकून 'डेब्ट' म्हणालं, की फिदीफिदी हसणारे आपलेच!